चढ आला की उतरून चालायचं : सायकलवाल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंग्लंडातल्या आडवाटांवर सायकलनं निवांत दिवस कसा घालवायचा, म्हणजे सकाळी दहाला निघायचं, वीस-पंचवीस मैल, मध्ये एखादं जुनं चर्च, एखादा कालवा, पोटभर जेवण आणि उजेडात घरी. लिहिताना वाटलं होतं कोण वाचतंय, पण इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले आता तूच उत्तरं दे. नावं कुणाचीच छापत नाहीये, तक्रारी पण तशाच ठेवल्यात.

ताई, मी रीडिंगला राहते, वय ५२. सायकल शेवटची कॉलेजात चालवली. मुलानं वाढदिवसाला हायब्रीड घेऊन दिलीय, ती तीन महिने गॅरेजात उभी आहे. वीस मैल ऐकूनच पोटात गोळा येतो. जमेल का मला?

जमेल हो. आणि तुम्ही रीडिंगला राहता म्हणजे तुमचं नशीब जोरावर आहे, कसं ते सांगते. तुमच्या गावातूनच केनेट अँड एव्हन कालवा सुरू होतो, पार ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल, आणि त्याच्या कडेकडेनं नॅशनल सायकल नेटवर्कचा ४ नंबरचा रूट जातो (निळ्या पाटीवर पांढरी सायकल आणि लाल चौकोनात ४). आता गंमत अशी की रीडिंग ते न्यूबरी रेल्वेलाईन पण जवळपास त्याच खोऱ्यातून जाते, मध्ये थील, ऑल्डरमॅस्टन, मिजम, थॅचम अशी स्टेशनं. म्हणजे कुठेही दमलात तर पुढचं स्टेशन दोन-चार मैलांवर.

पण बहुतेक लोक काय करतात, घरून निघतात, न्यूबरीला पोचतात आणि ट्रेननं परत येतात. तुम्ही उलटं करा. सकाळी ट्रेननं न्यूबरीला जा आणि सायकलनं घरी या. इंग्लंडात वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तो तुमच्या पाठीवर, आणि केनेट नदी न्यूबरीकडून रीडिंगकडे वाहते म्हणजे रस्ता हळूहळू उतरतोय, तुम्हाला कळणार पण नाही पण पायांना कळतं. साधारण वीस मैल होतील. ताशी आठ मैलांनी गेलात तरी अडीच तास, त्यात लॉक (होड्यांना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे कालव्याचे दरवाजे) उघडताना बघत उभं राहायचं (राहाल, सगळेच राहतात), डबा खायचा, असं धरून पाच तास. टोपाथ, म्हणजे कालव्याच्या कडेची वाट, काही ठिकाणी खडबडीत आहे आणि पावसानंतर चिखल असतो, तेव्हा पहिली फेरी मे-जूनमध्ये कोरडा आठवडा बघून करा. टोपाथवर चालणाऱ्यांचा हक्क आधी. लांबूनच एकदा बेल वाजवा आणि हळू व्हा.

निघायच्या आधी एकच काम, सीटची उंची. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली, तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. मला दिसतात त्यातल्या बहुतेक नव्या लोकांची सीट तीन बोटं तरी खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेसे वाटतात, आणि मग गुडघे दुखले की सायकलला शिव्या. बाकी बूड दुखणारच, पहिले चार-पाच रविवार. त्यासाठी उशीएवढी जाड जेल सीट घेऊ नका, ती पहिल्या मैलाला मस्त वाटते आणि दहाव्या मैलाला नको होते.

मी फोनवर सायकलचा रूट लावून निघालो तर त्यानं मला थेट शेतात नेलं! गुडघाभर चिखल. हे असं का होतं आणि यावर उपाय काय?

असं झालं की मला फार आनंद होतो, कारण माझं पण झालंय. चिल्टर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याला, फेब्रुवारीत. फोन म्हणाला डावीकडे वळा, मी वळले. पहिले शंभर मीटर बरे होते. मग ती तिथली चिकणमाती टायरला लागायला लागली, टायरवरून मडगार्डमध्ये, आणि एका जागी चाक फिरायचंच बंद झालं. ढकलली तरी ढिम्म. काटकी घेऊन मडगार्डमधून माती उकरायची, दहा पावलं जायचं, परत उकरायची. शेवटी उचलूनच घेतली खांद्यावर. एक मैलाला सव्वा तास. बाजूच्या शेतातल्या मेंढ्या कुंपणापर्यंत येऊन बघत होत्या.

यातलं खरं कारण शब्दाचा घोळ आहे. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेचा, दुकानांसमोरचा. इथे पब्लिक फुटपाथ म्हणजे शेतातून, रानातून जाणारी पायवाट जिच्यावर चालायचा हक्क आहे, फक्त चालायचा, सायकलचा नाही. ब्रिडलवे म्हणजे घोड्याची वाट, तिच्यावर १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टपासून सायकलला परवानगी आहे, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. खांबावरचा बाण पिवळा असेल तर फुटपाथ, निळा असेल तर ब्रिडलवे. एवढं पाठ करा. आणि परवानगी आहे म्हणजे रस्ता चांगला आहे असं अजिबात नाही, घोड्याला चिखलाचं काही वाटत नाही. फोनला फक्त परवानगी दिसते, चिखल दिसत नाही.

मी अजूनही आदल्या रात्री ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) कागदी नकाशा टेबलावर पसरते. गुलाबी कव्हरवाला लँडरेंजर, १:५०,०००. नारिंगी एक्सप्लोरर १:२५,०००चा, तो चालणाऱ्यांसाठी बेस्ट, पण सायकलवर अर्ध्या दिवसात त्याच्या बाहेर पडतो आपण. लँडरेंजरवर पिवळे बारीक रस्ते शोधायचे, तेच आपले. लाल आणि हिरवे टाळायचे. आणि रस्त्यावर छोटे बाण दिसतात ते बघायचे, एक बाण म्हणजे सातात एक ते पाचात एक असा चढ, दोन बाण म्हणजे त्याहूनही खडा. बाणाचं टोक उताराकडे असतं, हे मला दोन वर्षं उलटं वाटत होतं, त्यामुळे मी डेव्हनमध्ये काय काय चढले ते विचारू नका. हल्ली फोन पण नेते, पण फक्त 'मी कुठे आहे' एवढं विचारायला. कुठे जायचं ते मी ठरवते.

अरुंद लेनवर मागे गाडी आली की मला अपराधी वाटतं. मी कडेला हेजमध्ये, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, घुसून थांबते. नवरा म्हणतो थांबू नकोस. कोण बरोबर?

दोघंही थोडे थोडे. कडेला चिकटून चालवू नका हे नक्की. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड (इथल्या रस्त्यांची नियमावली) बदलला, त्यात स्पष्ट आहे की शांत रस्त्यावर सायकलनं लेनच्या मध्यातून जायचं आणि मागून गाडी आली की सुरक्षित असेल तेव्हा डावीकडे सरकून तिला जाऊ द्यायचं. ओव्हरटेक करणाऱ्यानं ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला कमीत कमी दीड मीटर अंतर सोडायचं, वेग जास्त असेल तर अजून जास्त. आता सहा-सात फुटी लेनमध्ये दीड मीटर येणार कुठून, म्हणजे ओव्हरटेक होऊच शकत नाही. तेव्हा तुम्ही आपल्या वेगानं पुढच्या पासिंग प्लेसपर्यंत (गाडी पुढे काढण्यासाठी लेन रुंद केलेली जागा) किंवा शेताच्या गेटापर्यंत जा, तिथे थांबा, हात करा. हेजमध्ये घुसायची गरज नाही, तिथे नेटल असतं, आपल्या खाजकुयलीची इंग्लिश बहीण. लागलंच तर तिथेच बाजूला डॉकची रुंद पानं असतात, इथले लोक ती चोळतात. मला फरक पडतो असं वाटत नाही पण हाताला काहीतरी उद्योग मिळतो.

एक मात्र लक्षात असू दे, लेनच्या सुरुवातीला पांढरी गोल पाटी आणि त्यावर काळी तिरकी रेघ दिसली तर साध्या रस्त्यावर त्याचा अर्थ ताशी ६० मैलांची मर्यादा. अशा वळणावळणाच्या बोळात ६० कोण चालवतं? कोणीतरी चालवतं. म्हणून आंधळ्या वळणाच्या आधी कान उघडे, इअरफोन घरी.

आणि घोडा दिसला तर मागून बेल नाही वाजवायची हं, दचकतो तो. "हॅलो, सायकल येतेय" असं नॉर्मल आवाजात म्हणायचं, माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत राहतो, मग रुंद वळसा घालून हळू जायचं. स्वार नेहमी थँक्यू म्हणतात, गाडीवाले क्वचित.

मुलं ६ आणि ९ वर्षांची. गाड्याच नकोत असा रस्ता आहे का कुठे?

आहे, भरपूर आहेत, आणि ते सगळे एका माणसाच्या कृपेनं, म्हणजे त्यानं ते मनात धरून केलं नव्हतं. डॉ. बीचिंग, तेव्हाचे ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख. १९६३ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला की तोट्यातल्या रेल्वेलाईन बंद करा, दोन हजारांवर स्टेशनं त्या यादीत होती. आधीही बंद होतच होत्या, नंतर सपाटाच लागला. रूळ उखडले, पण माती टाकून केलेला भराव, खोदलेले डोंगर, पूल, बोगदे तसेच पडून राहिले. ब्रिस्टलमधल्या काही सायकलवेड्यांनी १९७७ साली ग्रुप काढला, पुढे त्याचीच सस्ट्रान्स ही सायकलमार्ग उभारणारी संस्था झाली, आणि त्यांनी ब्रिस्टल ते बाथ ही जुनी लाईन सायकलसाठी तयार केली, १३ मैल, डांबरी.

वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपायचा नाही, म्हणून इंजिनिअर लोकांनी सगळं जवळपास सपाट करून ठेवलं, आणि सहा वर्षांच्या पायाला तेच हवं असतं. कॉर्नवॉलचा कॅमल ट्रेल, त्यातला वेडब्रिज ते पॅडस्टो साडेपाच मैलांचा तुकडा नदीच्या मुखाच्या कडेनं जातो, ओहोटीला वाळू आणि भरतीला पाणी, मुलांना एकाच दिवसात दोन वेगळ्या जागा वाटतात. पीक डिस्ट्रिक्टमध्ये अ‍ॅशबोर्नहून टिसिंग्टन ट्रेल, १३ मैल, पण अ‍ॅशबोर्नहून जाताना हळूहळू चढ आहे, तेव्हा जाताना मुलं कुरकुरतील आणि येताना तुम्ही मागे पडाल. मोन्सल ट्रेल साडेआठ मैल, त्यातले बोगदे २०११ मध्ये उघडले.

पण मला विचाराल तर बाथचा टू टनेल्स. २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातला कूम डाउन बोगदा एक मैलाहून लांब आहे, एक अख्खा मैल जमिनीखाली सायकलवर! जूनमध्येसुद्धा जॅकेट काढून ठेवू नका, आत शिरल्या शिरल्या फ्रीज उघडल्यासारखी हवा येते. सुरुवातीला पोरं ओरडतात, प्रतिध्वनी ऐकायला. मग पुढचं टोक दिसत नाही, मागचं दिसेनासं होतं, आणि आपोआप सगळे गप्प होतात. मधल्या भागात कुठूनतरी तंतुवाद्याचे सूर यायला लागतात, आधी वाटतं भास होतोय, मग जवळ गेलं की कळतं भिंतीतून येतायत, ते मुद्दाम बसवलंय. माझी भाची तेव्हा सात वर्षांची, ती मध्येच उतरून भिंतीला कान लावून उभी राहिली आणि मागचे चार सायकलवाले एकही शब्द न बोलता थांबले. बाहेर पडून पुढे कालव्याला लागलं की परत बाथपर्यंत गोल होतो, एकूण १३ मैलांचा. बोगद्यात दिवे असतात, तरी आपापले लावाच.

ट्रेनमध्ये सायकलचं तिकीट लागतं का?

नाही, फुकट. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना आधी सायकलची जागा बुक करावी लागते, ती पण फुकट. लंडनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या गर्दीत मोठी सायकल चालत नाही, घडीची चालते. रविवारी निघण्याआधी लाईनचं काम चालू आहे का ते बघा, कारण मग ट्रेनऐवजी बस येते आणि बसवाला साधारणपणे सायकल घेत नाही. एकदा मी अशाच एका छोट्या स्टेशनावर अडकले, ड्रायव्हर म्हणाला तू चल, सायकल नाही. त्या दिवशी माझे ठरवलेले १८ मैल ३१ झाले.

जेवणाचं काय करता? आम्ही दोघं अडीचला एका पबात पोचलो तर किचन बंद, चिप्सच्या पाकिटावर दिवस काढला.

अरेरे. गावातल्या पबचं किचन बारा ते दोन, बस. शहरातल्यासारखं दिवसभर नसतं. सोमवारी तर खूपसे बंदच. तेव्हा माझा नियम, जेवणाचा पब दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात ठेवायचा, साडेबाराला टेकायचं, आणि मोठा चढ जेवणानंतर येणार नाही असा रूट लावायचा. व्हेज म्हणजे काहीतरी एक असतंच.

दुपारचं मात्र टी-रूमसाठी राखून ठेवा. स्कोन (छोटा केकसारखा पाव), क्लॉटेड क्रीम (घट्ट साय), जॅम. डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, आणि यावरून लोक खरंच भांडतात. मी ज्या परगण्यात असते त्याप्रमाणे लावते. खिशात पौंडाची चार-पाच नाणी पण ठेवा, शेताच्या गेटाशी अंडी, सफरचंदं, घरचा जॅम असं मांडून ठेवलेलं असतं आणि बाजूला पैशाचा डबा, बघायला कोणी नसतं. अंडी सायकलवरून घरी न्यायची असतील तर कॅरिअरच्या बॅगेत नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये, स्वेटरात गुंडाळून. हे मी ऑम्लेटचा खर्च करून शिकलेय.

ती सायकलवाल्यांची घट्ट काळी चड्डी घालायलाच लागते का? मला लाज वाटते.

नाही लागत. जे घालून दोन तास बसता येतं ते घाला, फक्त मधोमध जाड शिवण नको, जीन्स नकोच. उजव्या पायाची घेरदार सलवार चेनमध्ये जाते, तिला पट्टी बांधा.

कपड्यांवरून इथे तर कोर्टकचेरी झालेली आहे. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या हॉटेलात सायकलवरून आल्या, पोलकं आणि ढगळ निकर घालून, झगा नाही. मालकीणबाईंनी त्यांना कॉफीरूममध्ये बसू दिलं नाही, म्हणाल्या हवं तर बाजूच्या बार पार्लरमध्ये बसा. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब (१८७८चा, आताचा सायकलिंग यूके) केस घेऊन कोर्टात गेला, आणि १८९९ मध्ये हरला, कारण दुसरी खोली देऊ केली होती ना! म्हणजे निकर घालून हॉटेलात शिरायला बाई भांडत होती आणि आपण उलट्या बाजूनं लाजतोय. तुम्ही सलवारीवर खुशाल या.

सप्टेंबरपासून दर रविवारी पंक्चर. टायर बदलला तरी तेच. शाप आहे का काही?

शाप नाही, हॉथॉर्न आहे, हेजमधलं काटेरी झुडूप. शेतकऱ्यांना १ मार्च ते ३१ ऑगस्ट हेज छाटायला बंदी असते, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून, काही अपवाद सोडले तर. मग सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला कटर लावून सगळे एकदम सुटतात आणि लेनवर काट्यांचा सडा. लेनमध्ये ताजी तुकडे-तुकडे झालेली पानं दिसली की उतरा आणि सायकल उचलून चाला, पन्नास मीटरचा प्रश्न असतो.

आणि तुम्ही ट्यूब बदलता पण काटा टायरमध्येच राहतो, बहुतेक हेच होतंय तुमचं. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, अगदी हळू, एकदा या दिशेनं एकदा त्या. काटा बाहेरून दिसत नाही, रबरात मोडलेला असतो, आतून बोटाला फक्त टोक लागतं, तांदळातल्या खड्याएवढं. चिमट्यानं ओढा नाहीतर नखानं आतून बाहेर ढकला. मी भुवयांचा चिमटा टूलकिटमध्ये ठेवते, नवऱ्याला वाटतं हरवला.

ताई, राग मानू नका, पण हा काय सायकलिंगचा प्रकार आहे? आमच्या क्लबात ब्रेकफास्टच्या आधी १०० किलोमीटर होतात.

राग कसला. तुमचे १०० होतात तेव्हा माझा चहा उकळत असतो. मात्र इंग्लिश क्लबांचं म्हणाल तर त्यांची सुरुवातच पोटातून झालेली आहे, १८८०-९०च्या काळात लंडनचे सायकलवाले रविवारी झुंडीनं पोर्ट्समथ रोडनं रिप्ले गावी जायचे ते तिथल्या अँकर पबात खायला-प्यायला. आणि मघाच्या त्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबाच्या पंखवाल्या चाकाच्या पाट्या काही हॉटेलांच्या भिंतींवर अजून दिसतात, म्हणजे इथे सायकलवाल्याला जेवण आणि पलंग मिळेल. तुम्हाला ताशी २० मैलांनी जाताना त्या दिसणार नाहीत, पण असतात, दाराच्या वर बघा.

पाऊस आला तर?

येतोच. चर्च शोधा. गावाच्या बऱ्याचशा चर्चच्या आवारात शिरताना छप्पर असलेलं लाकडी गेट असतं, लिचगेट म्हणतात, पूर्वी प्रेत आणलं की पाद्री येईपर्यंत तिथे टेकवायचे, लिच म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये प्रेतच. दोन्ही बाजूंना बसायला बाक, आपल्या ओट्यासारखे, सायकल मध्ये उभी राहते. गेल्या ऑगस्टमध्ये सफकमध्ये अशाच एका गेटात चाळीस मिनिटं बसले होते, थर्मासमधला चहा संपला, समोर बार्लीच्या शेतावर पाऊस तिरका धावत होता, आणि गावातला एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आला, शेजारी बसला, वर बघितलं आणि म्हणाला, उघडेल. उघडला नाही. पण तोपर्यंत आम्ही त्याच्याकडचं अर्धं फ्रूटकेक संपवलं होतं.